गुरखा फाइव्ह डोअरला मोठी चाकं आणि ऑफरोड टायर: २० इंची अलॉय, ३३ इंची एमटी की १८ वरच एटी?

पेडण्याचा_फिरस्ता

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझी फोर्स गुरखा फाइव्ह डोअर आहे, २०२४ चं मॉडेल. मागे उचलून काढता येतो असा प्लायचा पलंग केलाय, त्याच्याखाली पाण्याचे कॅन, शेगडी, अंथरूण-पांघरूण, म्हणजे आमच्यासाठी ती आता फोर बाय फोर व्हॅनच झालीय. मी आणि बायको सुट्टी मिळाली की निघतो, बहुतेक सत्तरी, नेत्रावळी, चोर्ला घाट, कधी अनमोडमार्गे वर. पावसाळ्यात जास्त, कारण खरा गोवा तेव्हाच.

कंपनीचे टायर २५५/६५ आर १८, आता झिजत आलेत. डांबरावर काही तक्रार नाही, पण परवा केरीच्या पुढे एका कच्च्या उतारावर लाल चिखलात गाडी अशी सरकली की फोर लो मध्ये (चारही चाकांना ताकद, पण हळू वेगाची रेंज), पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता सुद्धा पुढची चाकं वळवलेल्या बाजूला जाईनात, सरळच चालली. खाली गटार होतं, एका दगडाला चाक टेकलं म्हणून थांबली. बायको तेव्हापासून म्हणते टायर बदल मगच पुढची ट्रिप, आणि बरोबरच बोलते ती.

आता एका दुकानात सांगतात २० इंची अलॉय घ्या, २७५/५५ आर २० बसवा, गाडी उंच होते. एक मित्र म्हणतो ३३ इंची एमटी (मड टेरेन, खास चिखलाचे टायर) टाक, २७५/७० आर १८, बाकी काही बघू नको. नक्की काय करू? रोजचं ऑफिस पण त्याच गाडीने आहे, पेडणे ते पणजी.

म्हापशाचा_टायरवाला

पात्रांव, आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, रिम मोठी होणं वेगळं आणि टायर मोठा होणं वेगळं. दुकानदार दोन्ही एकात घालून विकतात.

हिशोब सोपा आहे. तुझा २५५/६५ आर १८ म्हणजे रुंदी २५५ मिमी, बाजूची भिंत त्याच्या ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिमी, आणि रिम १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. वरखाली दोन भिंती धरून पूर्ण उंची ७८९ मिमी. आता तो २७५/५५ आर २० घे. भिंत १५१ मिमी, पूर्ण उंची ८१०. म्हणजे उंची वाढली २१ मिमी, पण ती गाडीच्या पोटाखाली अर्धीच मिळते, १० मिमी. आणि त्या १० मिमीसाठी तू १५ मिमी रबर घालवलंस. ऑफरोडला ते रबरच कामाचं असतं रे, दगडावर दबतं ते तेच, हवा कमी केली की पसरतं ते तेच. आपल्याकडचे जांभ्याचे खडे, रस्त्याच्या तुटलेल्या कडा, पावसाने भरलेले खड्डे, २० इंचीला पहिल्या पावसातच रिमची कड वाकते, माझ्याकडे असे अलॉय दर सीझनला येतात. २० इंची विसर.

२७५/७० आर १८ म्हणजे ८४२ मिमी. पोटाखाली २७ मिमी वाढतात, छान वाटतं ऐकायला, पण चाकाचा घेर जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढला. मीटरवर ८० दिसतील तेव्हा गाडी ८५ च्या वर असेल. सगळे गिअर तेवढेच लांब होतात, म्हणजे चोर्ल्याच्या वळणावर तिसऱ्यात ओढायची तिथे दुसरा लागणार, आणि तुझ्या गाडीत पाणी, पलंग, सामान सगळं. ब्रेकला पण मोठं आणि जड चाक थांबवावं लागतं. वर पूर्ण स्टेअरिंग वळवून एक चाक खड्ड्यात वर दाबलं गेलं की आतलं लायनर घासणार की नाही हे गाडी जागेवर उभी ठेवून कळत नाही. रॅम्पवर चढवून बघावं लागतं.

मी तुझ्या जागी असतो तर त्याच रिमवर २६५/६५ आर १८ एटी (ऑल टेरेन, डांबर आणि कच्चा दोन्हीला चालणारा), किंवा चक्क कंपनीचाच २५५/६५ साइज पण एटी. २६५/६५ ची उंची ८०२ मिमी, फरक दीड टक्का, मीटरला कळणार पण नाही. तुझा प्रॉब्लेम उंचीचा नाहीये, गाडी कुठे टेकली नाही, ती सरकली. २३३ मिमी ग्राउंड क्लिअरन्स कंपनीनेच दिलाय.

कुळागरवाला

टायरवाल्याचं गणित बरोबर आहे पण चिखलाचं दुसरं गणित असतं ते पण ऐका.

आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, ओढ्याच्या पलीकडे आहे, वाट पाऊण किलोमीटर, जून ते सप्टेंबर सगळा गाळ. त्या वाटेवर एटी टायर मी स्वतः खाली बसून बघितलाय. चार-पाच फेऱ्यात खाचा भरतात, लाल माती चिकट, ती खाचेत बसते आणि निघत नाही, मग बाहेरून बघितलं तर टायरला नक्षीच दिसत नाही, वर नुसता लाल थर. तुमची गाडी सरकली ती ह्याच्यामुळेच, टायर झिजलेला असला तर अजूनच. एमटीच्या खाचा रुंद, ठोकळे लांब लांब, चाक थोडं जोरात फिरलं की चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेऱ्याला परत पकड मिळते. त्या कामाला एमटीला तोड नाही हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण माझी ती जुनी पिकअप गाव सोडत नाही. सुपारी, नारळ, खताच्या गोणी, बस. त्याच एमटीवर एकदा पावसात फोंड्याला जाऊन बघितलं तर ओल्या डांबरावर ब्रेकला गाडी खूप लांब जाते, डांबराला टेकणारं रबरच कमी. आणि आवाज, शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. तुम्ही रोज पेडणे ते पणजी करणार, त्यात अर्धं वर्ष रस्ता ओला, घरची माणसं गाडीत. तुम्ही एमटी घेऊ नका. ज्या वाटेवर एमटीशिवाय जाता येत नाही ती वाट पावसात सोडून द्यावी, तिथे चालत जावं, चालायला पण सुंदर आहे.

पेडण्याचा_फिरस्ता

काका, टायरवाले दादा, दोघांचे खूप आभार, २० इंचीचं भूत उतरलं डोक्यावरून. अजून दोन शंका. मित्र म्हणतो टायर लहान ठेवायचे तर दोन इंचाचा लिफ्ट किट टाक, तेवढीच उंची मिळते. आणि आरटीओचं काय, चेकिंगला अडवतात का मोठ्या टायरला?

फोंड्याचा_पक्या

लिफ्टबद्दल मी सांगतो कारण हा गैरसमज सगळीकडे आहे. तुझ्या गुरखाला पुढच्या चाकांना वेगवेगळं सस्पेन्शन आहे, पण मागे अख्खा अॅक्सल आहे, दांडा एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत, आणि त्याच्यावर डिफरन्शियलचा (दोन चाकांना ताकद वाटणारा) गोळा लटकलेला. लिफ्ट किटने स्प्रिंग लांब होतात, बॉडी आणि चॅसी वर जाते, पण मागचा तो गोळा चाकांच्या मध्येच राहतो, होता तिथेच. दगडावर बहुतेक वेळा टेकतो तो तोच. त्याला वर उचलायचं तर टायरच मोठा लागतो, दुसरा उपाय नाही. लिफ्टने पुढचा बंपर आणि मधलं पोट सुटतं, मोठ्या टायरला कमानीत जागा होते, एवढाच फायदा. आणि तुझ्यासारखं मागे वजन भरून, छपरावर कॅरिअर असेल तर अजूनच, घाटात वळणावर गाडी झुकणार. तुला गरज नाही. तुझ्याकडे पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ लॉक आहे, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरवणारं, ते कधी ओढायचं आणि कधी सोडायचं हे नीट शिकलास तर दोन इंचांपेक्षा जास्त मिळवशील. उतारावर वळताना पुढचा लॉक लावलेला असेल तर गाडी सरळच जाते बरं का, त्या दिवशी लावला होतास का बघ आठवून.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर पोलीस टायर मोजत नाहीत, पण अपघात झाला आणि इन्शुरन्सवाल्यांच्या सर्व्हेअरने मोजला तर क्लेम अडकतो, खरी भीती ती आहे. म्हणून माझं मत तर टायरवाल्यापेक्षा पण कडक, २५५/६५ आर १८ हाच साइज ठेव, फक्त एटी घे. २६५ ने पोटाखाली मिळणाऱ्या साडेसहा मिमीसाठी इन्शुरन्सशी वाद कशाला. आणि चाक कमानीच्या बाहेर येता कामा नये, स्पेसर (चाक बाहेर ढकलणारी चकती) तर नकोच, बेअरिंग खातात.

आणि एक, टायर बदलले म्हणून मोरजी-आश्वेला वाळूत उतरवू नको. गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं गुन्हा आहे, गाडी जप्त करतात. शिवाय मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे थंडीत कासवं अंडी घालतात, वाळूखाली काय आहे वरून दिसत नाही.

पेडण्याचा_फिरस्ता

पक्या भाऊ, पुढचा लॉक लावलेलाच होता! उतरायला सुरुवात करतानाच दोन्ही ओढले होते, मला वाटलं जास्त पकड मिळेल. हे कुणीच सांगितलं नव्हतं. ठरलं तर मग, २५५/६५ एटी, लिफ्ट नाही. घेताना काय बघू आणि किती घेऊ, चार की पाच?

म्हापशाचा_टायरवाला

पाच. मागच्या दारावरचा स्पेअर पण तोच टायर, तीच नक्षी. जुना झिजलेला एक आणि नवे तीन असं करून फोर व्हील लावलीस तर चारही चाकांचा घेर सारखा राहत नाही, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना पीळ देतात, डांबरावर तर फार वाईट, ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा गिअरबॉक्स) जातो. पाचही चाकं ठराविक अंतराने फिरवत राहा म्हणजे सगळी सारखी झिजतील.

घेताना टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात ते वाच, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. वर्षभराच्या आतला माग, डिस्काउंट देतो म्हणून जुना घेऊ नको, आपल्याकडची खारी हवा आणि ऊन रबराला चांगलं नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला घेतलास तर तो भिंतीने मजबूत पण जड असतो आणि त्याला तेवढ्याच वजनाला हवा जास्त लागते, दारावरच्या स्टिकरचा आकडा त्याला चालत नाही.

हवेचं असं कर. सामान भरून, सपाट डांबरावर, टायरच्या माथ्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत खडूची जाड रेघ ओढ, सरळ शंभर मीटर चालव आणि उतरून बघ. मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडा पुसल्या तर कमी, सगळी सारखी गेली की तो तुझ्या गाडीचा आकडा. चिखलात शिरताना २२ पीएसआयच्या आसपास उतरव, जांभ्याच्या धारदार कडा असतील तिथे एवढी कमी नको, भिंत कापली जाते आणि त्या कापाचं पंक्चर काढता येत नाही. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेव, डांबरावर येण्याआधी भरून घे. बसवल्यावर शंभर किलोमीटरने नट परत टाइट करून घे, टॉर्क पान्याने, हातोडी मारून नाही.

कुळागरवाला

आणि नवीन टायर पहिले काही दिवस डांबरावरच चालवा, वरचं गुळगुळीत जाऊ द्या. मग या सत्तरीला. आमच्या वाटेवर ओढ्याच्या अलीकडेच गाडी लावा, पलीकडे मी येतो घ्यायला.