पहिलीच्या आधी लेखन हवे की खेळ?

धागाकर्ती, कोथरूड:
माझी मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. तिच्या बालवर्गात मणी ओवणे, कणीक मळणे, वाळूत रेघा ओढणे, गोष्ट ऐकून ती पुन्हा सांगणे एवढेच चालते, आणि सोसायटीतल्या तिच्या वयाच्या मुलांना मात्र बाराखडी व शंभरपर्यंतचे अंक लिहिता येतात. तरीही मला हीच तयारी खरी वाटते, कारण बोटांत बळ येण्याआधी हाती दिलेली पेन्सिल मूल मुठीत आवळून धरते, आणि ‘कमळ’, ‘कणीस’, ‘काकडी’ या शब्दांचा पहिला आवाज सारखाच आहे हे कानाला कळल्याशिवाय ‘क’ हे केवळ एक चित्र राहते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. मग दुसरीपर्यंतचे काम बालवर्गातच उरकण्याची घाई कशासाठी?

पहिलीची शिक्षिका, हडपसर:
आपल्या घरी पुस्तके असणार, रात्री कोणी तरी गोष्ट वाचून दाखवत असणार. माझ्या वर्गात बांधकामावरील मजुरांची मुले येतात; त्यांतील काहींनी पुस्तकाचे पान पहिल्यांदा शाळेतच उलटलेले असते. अशा मुलांना बालवर्गातही अक्षरांपासून दूर ठेवले, तर पहिल्याच महिन्यात ती मागे पडतात आणि गप्प होतात. ती गप्प झालेली मुले मी रोज पाहते. पाटीवर चार अक्षरे गिरवली म्हणून बालपण हरवत नाही.

अंगणवाडी सेविका, पर्वती पायथा:
बाईंची तळमळ मला पटते, उपाय पटत नाही. पुस्तक न पाहिलेल्या मुलाला आधी पुस्तकच हवे, गिरवणे नंतर. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे मुले येत नाहीत म्हणून ती पाड्यावरच्या अंगणात नेली, ती नेमक्या अशाच मुलांसाठी. तिथे अंघोळ, गाणी, पाने-शंख मोजणे हाच अभ्यास होता. माझ्याकडचे मूल पहिलीत जाताना ‘मला शू लागली’, ‘मला समजले नाही’ हे अनोळखी बाईंना सांगू शकले, तर ते टिकते. अडचण वेगळीच आहे: पोषण आहार, वजने आणि नोंदी यांतून शिकवण्यासाठी निवांत वेळ उरतो कुठे?

पहिलीची शिक्षिका, हडपसर:
पुस्तक आधी, हे मान्य. परंतु रोज पुस्तक हाताळणाऱ्या मुलाने स्वतःचे नाव ओळखू लागल्यावर ते लिहून मागितले, तर ‘अजून वय नाही’ म्हणून त्याला थांबवू नये.

धागाकर्ती, कोथरूड:
मुलाने मागितले तर जरूर द्यावे. माझा विरोध न मागता लादण्याला आहे. तीन वर्षांच्या मुलाला रोज दोन पाने गृहपाठ देणारे वर्ग माझ्याच गल्लीत आहेत, आणि ती पाने बहुधा आईच भरते.