विषय: क्वीन क्रीकचं घर, दार पूर्वेला पण मागची काच पश्चिमेला. शुक्रवारपर्यंत सांगा

प्रेषक: चँडलरकर

नमस्कार मंडळी,

तेच क्वीन क्रीकचं, म्हणजे ॲरिझोनात फीनिक्सच्या आग्नेयेला असलेल्या त्या गावातलं नवं घर. आता दोनच लॉट उरलेत आणि बिल्डरला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. पहिल्याचं दार पूर्वेला. ह्यांच्या आईंची घराबद्दल तेवढी एकच अट आहे. पण मग मागचा पॅटिओ आणि हॉलचा तो मोठा सरकता काचेचा दरवाजा थेट पश्चिमेला येतो. दुसऱ्याचं दार उत्तरेला, पाठ दक्षिणेला, पण मागच्या भिंतीपलीकडे सहा लेनचा रस्ता. किंमत जवळपास सारखी.

आई-बाबा मेमध्ये येतायत ते ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे अख्खा उन्हाळा. ज्यांच्या घराची पाठ पश्चिमेला आहे त्यांनी खरं काय ते सांगा. वास्तुशास्त्र खरं की खोटं यावर कृपया नको, ते गेल्या वर्षी झालंय.

---

प्रेषक: मेसाकाका

वहिनी, पश्चिम घेऊ नका. बाकी काहीही चालेल.

इथल्या घरांच्या जाहिराती नीट वाचा. पाठ उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल तर एजंट 'नॉर्थ-साऊथ एक्स्पोजर' हे आवर्जून लिहितो. पश्चिमेला असेल तर त्या मुद्द्यावर अवाक्षर नसतं. त्याला कारण आहे. जूनमध्ये फीनिक्सला सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो. दिवसातली सगळ्यात गरम वेळ चार-पाचची. म्हणजे हवा सर्वात तापलेली असते नेमकं तेव्हाच तिरकं ऊन तुमच्या काचेतून सोफ्यापर्यंत येणार आणि पुढचे तीन तास हलणार नाही. विजेचे चढे दरही दुपार-संध्याकाळचेच.

दक्षिणेचं तसं नाही. जूनमध्ये मध्यान्हीला सूर्य इथे जवळजवळ ८० अंशांवर, डोक्यावरच असतो. दोन-तीन फुटांचा छज्जा असला की दक्षिणेची काच सावलीत. डिसेंबरमध्ये तोच सूर्य ३३ अंशांपर्यंत खाली उतरतो आणि ऊन आपणहून घरात येतं, तेव्हा ते हवंही असतं. हे गणित जुन्या बांधणाऱ्यांना माहीत होतं. आताचे बिल्डर रस्ता वळेल तसं घर वळवतात.

२०२३ चा जुलै आठवा. सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबात ४३ सेल्सिअसच्या वर. त्यात म्हाताऱ्या माणसांना पश्चिमेच्या काचेशेजारी बसवायचं? मला नाही पटत.

---

प्रेषक: गिल्बर्टची मावशी

काका म्हणतात ते ऊन खरं आहे, पण चित्र अर्धंच आहे. आमच्या घराची पाठ पश्चिमेला आहे आणि आम्ही आनंदात राहतो.

पूर्वेच्या दाराचा फायदा कोणी सांगत नाही तो मी सांगते. दुपारी तीननंतर पुढच्या अंगणात घराचीच सावली पडते. गल्लीतली सगळी मुलं आमच्या ड्राइव्हवेवर जमतात, कारण समोरच्या रांगेतल्या घरांची दारं पश्चिमेला आणि त्यांच्या दाराच्या कड्या हात लावू देत नाहीत. माझ्या सासूबाई आल्या की सकाळी चहा मागे पॅटिओवर, संध्याकाळी खुर्ची पुढे. नोव्हेंबर ते मार्च मागची संध्याकाळ तर फारच सुंदर असते.

करायचं काय ते ऐका. काचेला बाहेरून सन स्क्रीन (ऊन अडवणारी जाळी) लावा, आतले पडदे नव्हेत. ऊन काचेतून आत आलं की मग पडदा कितीही जाड असो, उष्णता घरातच राहते. पॅटिओचं छप्पर बिल्डरकडूनच लांब करून घ्या, नंतर एचओएची (वसाहतीच्या घरमालक संघटनेची) परवानगी काढत बसावं लागतं. आणि पश्चिमेला झाड लावा.

झाड मात्र सिस्सू नको! नर्सरीवाले देतात, भराभर वाढतं, सावली दाट, आणि आपल्याकडचं शिसम म्हणून मंडळींना जिव्हाळाही वाटतो. आमच्या शेजाऱ्यांनी लावलं. मुळं वरवरच पसरली आणि ब्लॉकची कुंपणभिंत एका जागी इतकी उचलली की फटीतून आमच्याकडून त्यांची तुळस दिसते. मग एचओएची नोटीस, मग भिंत कोणाची यावर वाद. 'डेझर्ट म्युझियम' जातीचं पालो व्हर्दे लावा. त्याला काटे नाहीत, पाणी कमी लागतं. चिलियन मेस्कीटला पाणी जास्त दिलंत तर ते मान्सूनच्या वाऱ्यात मुळासकट आडवं होतं, तेही लक्षात ठेवा.

---

प्रेषक: टेंपेकर

तुम्ही सगळे खिडकीची दिशा ठरवताय. मला वाटतं प्रश्न त्याच्या आधीचा आहे. क्वीन क्रीकच का?

वहिनी, तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. आई-बाबांना गाडी चालवता येत नाही. त्या घरापासून किराण्याच्या दुकानापर्यंत चालत जाता येतं का ते एकदा पाहा, आणि तेही जूनमध्ये. माझे बाबा आमच्याकडे टेंपेला येतात तेव्हा सकाळी लाइट रेलने एकटे लायब्ररीत जातात. डब्यात एसी असतो, दोन-चार माणसं भेटतात. डिसेंबर २००८ मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा आपल्याच मंडळात लोक म्हणत होते की कोण बसणार. आता ती मेसात गिल्बर्ट रोडपर्यंत जाते. पुढे तुमच्याकडे नाही.

सावलीसाठी झाड वाढेपर्यंत थांबायचं हेही मला कळत नाही. इथे अपाचे बुलेव्हार्डवर कल्डेसॅक नावाची वसाहत झाली आहे, २०२३ पासून लोक राहतायत. रहिवाशांना गाडी ठेवायला जागाच नाही. इमारती पांढऱ्या, दोन-तीन मजली आणि एकमेकींच्या इतक्या जवळ की मधल्या वाटेवर दिवसाचा बराच वेळ सावली असते. सदाशिव पेठेतल्या वाड्यांमधल्या बोळात एप्रिलमध्ये जो गारवा लागायचा, तो मला तिथे लागला. रुंद रस्ता, त्याच्या बाजूला रुंद ड्राइव्हवे, खडी टाकलेलं अंगण आणि मग घर, ही रचना या हवेसाठी केलेलीच नाही. एसी आहे म्हणून ती चालते.

आणि पाणी. जून २०२३ मध्ये ॲरिझोनाच्या गव्हर्नर हॉब्स यांनी जाहीर केलं की फीनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना परवानगी मिळणार नाही. त्या बातम्यांत बकाय आणि क्वीन क्रीक हीच नावं पुढे होती. क्वीन क्रीकने कोलोरॅडो नदीकाठच्या सिबोलातल्या शेतीचं पाणी विकत घेतलं. ते ३३६ मैलांच्या कालव्यातून, पंपांनी चढवत आणायचं, आणि त्यावर कोर्टकज्जे. एवढं सगळं कशासाठी, तर प्रत्येकाला मागे भिंतीआड अंगण हवं म्हणून.

---

प्रेषक: क्वीन क्रीककर

टेंपेकर, पाण्याबद्दल असं अर्धवट लिहू नका. नवीन माणसं घाबरतात.

१९८० च्या कायद्यानुसार या भागात वसाहत बांधायची तर १०० वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. २०२३ मध्ये थांबली ती भूजलावरची *नवी* प्रमाणपत्रं. ज्या वसाहतींकडे आधीपासून प्रमाणपत्र आहे त्यांची घरं बांधली जातायत, विकली जातायत. वहिनींनी बिल्डरकडे ते प्रमाणपत्र मागावं आणि वाचावं, एवढंच. भूजलाचा अंदाजही 'नळ कोरडे पडणार' असा नव्हता. १०० वर्षांत मागणीच्या साधारण ४ टक्के तूट, असा होता. आणि सिबोलाचं पाणी विकत घेतलं म्हणजे गाव पुढचा विचार करतंय. त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आई-बाबांचं म्हणाल तर माझ्या आईला गुडघ्यांमुळे जिना नको आहे. टेंपेत तळमजल्यावर बेडरूम, शेजारी बाथरूम आणि दाराशी गाडी उभी राहील असं घर आमच्या पगारात दाखवा. आमच्याकडे ते आहे. आई पहाटे पाचला सोसायटीच्या पाऊलवाटेवर फिरते, तिथे गुजराती आणि तेलुगू बायकांचा तिचा एक गट झालाय. 'माणसं दिसत नाहीत' हे दुपारी दोनला येऊन पाहणाऱ्याचं मत आहे.

शिवाय मंडळाची लेझीम आणि ढोलाची तालीम दरवर्षी कोणाच्या अंगणात होते? बोळात होते का?

---

प्रेषक: मेसाकाका

तालमीचं निघालंच आहे तर सांगतो. गेल्या वेळी क्वीन क्रीकला गाड्या रस्त्यावर लावल्या म्हणून एचओएचं पत्र आलं होतं आणि ते मंडळाच्या नावे आलं. यंदा तालीम माझ्याकडे करा. आमच्या भागाला एचओए नाही.

आमचं घर १९६० च्या दशकातलं, स्लम्प ब्लॉकचं (मातीच्या विटांसारख्या दिसणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचं), एकमजली रँच. बाहेरच्या गावांतल्या नव्या घरांसारखं लाकडी सांगाड्यावर फोम आणि स्टको नव्हे. खोल्या लहान आहेत, छत ठेंगणं आहे, मान्य. पण छज्जा चारही बाजूंना बाहेर आलेला आहे आणि अंगणाला कालव्याचं पाणी मिळतं. सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टचं ते पाटपाणी जुन्या वस्त्यांनाच आहे. उन्हाळ्यात साधारण दोन आठवड्यांनी आमची पाळी येते, कधी भर दुपारी, कधी रात्री दोनला. गमबूट घालून, टॉर्च घेऊन जायचं, व्हॉल्व्हचं चाक फिरवायचं, की बांधाच्या आत पाणी गवतातून हळूहळू पसरत संत्र्याच्या बुंध्यांपर्यंत येतं. तोवर झोपायचं नाही, नाहीतर पाणी शेजाऱ्याकडे जातं. दुसऱ्या दिवशी अंगणात पाय ठेवला की गारवा कळतो. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, सगळं त्या पाण्यावर. खडीच्या अंगणात हे होत नाही.

---

प्रेषक: गिल्बर्टची मावशी

काका, तुमचं अंगण सुंदर आहे, पण रात्री दोनला व्हॉल्व्ह फिरवणं दोन लहान मुलांच्या आईला सांगू नका. शिवाय त्या घरांची वायरिंग आणि ड्रेनेज बदलण्याचा खर्चही लिहा.

टेंपेकर, पहाटेचं फिरणं क्वीन क्रीककर म्हणाले ते बरोबर आहे. दुपारी तर तुमच्या लाइट रेलच्या थांब्यावरही कोणी म्हातारं माणूस उभं राहू नये. २०२३ मध्ये मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फीनिक्स ज्यात येतं त्या जिल्ह्यात, उष्णतेमुळे ६४५ मृत्यू झाले. त्या उन्हात कुठलीच वस्ती दहा मिनिटं चालण्याची नसते.

वहिनी, कायमचं राहायला आई-बाबा येणार असतील तर कसिता, म्हणजे अंगणातलं छोटं वेगळं घर, बांधता येईल का हे आत्ताच विचारा. २०२४ च्या कायद्याने ७५,००० च्या वर वस्ती असलेल्या शहरांना अंगणात छोटं घर बांधू द्यावंच लागतं. पण तो कायदा शहरांना लागू आहे, तुमच्या एचओएचे नियम वेगळे. कागदपत्रं सहीच्या आधी मागा.

---

प्रेषक: चँडलरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टेंपेकर, आम्ही टेंपे पाहिलं होतं. आवडलंही, पण चार मोठी माणसं आणि दोन मुलं त्या क्षेत्रफळात बसत नाहीत.

काल संध्याकाळी पाच वाजता पश्चिमेच्या मॉडेल घरात गेलो. एजंटने एसी अगदी कमी तापमानावर ठेवला होता, तरी काचेच्या आतल्या बाजूला तळहात टेकवला तर तो गरम लागत होता. फरशीवरचा उन्हाचा पट्टा किचनच्या ओट्यापर्यंत आला होता. आईंना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्याच म्हणाल्या, उत्तर कुबेराची, मग उत्तरेचं घ्या, मी भर उन्हात बसणार नाही.

म्हणजे दुसरा लॉट. आता फक्त रस्त्याचं सांगा. मागे सहा लेन असलेल्या घरात कोणी राहतं का? रात्री बेडरूममध्ये किती ऐकू येतं?

---

प्रेषक: क्वीन क्रीककर

आमच्या मागे तसाच रस्ता आहे. हॉलमध्ये काही जाणवत नाही, पण वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत पहाटे साडेचारपासून बांधकामाच्या ट्रकचा आवाज येतो, कारण उन्हाळ्यात सगळी कामं पहाटेच सुरू होतात. आई-बाबांची खोली पुढच्या बाजूला ठेवा. मागच्या खिडक्यांसाठी जाड काच घेता येते का ते बिल्डरच्या डिझाइन सेंटरमध्ये विचारा. आम्हाला ती नंतर बदलणं फार महाग पडलं. आणि गुरुवारी पहाटे पाचला स्वतः लॉटवर जाऊन उभ्या राहा. हवं तर मी येतो, दोन मिनिटांवर आहे.

---

प्रेषक: यादी-व्यवस्था

वहिनींचा प्रश्न मार्गी लागला आहे. लेझीम तालमीच्या जागेचं आणि पार्किंगचं वेगळ्या विषयाखाली लिहावं, इथे उत्तरं देऊ नयेत. क्वीन क्रीककर आणि मेसाकाका, दोघांनी आपापल्या रस्त्यावर किती गाड्या राहतात ते रविवारपर्यंत कळवा. मंडळाच्या नावे आलेलं एचओएचं पत्र कोणाकडे आहे त्यांनी ते कार्यकारिणीला द्यावं.