रोज हरणाऱ्या संघाचा मोसम: तुमचेही अनुभव लिहा

शिकागोहून, धागा काढणारा

२०२४ चा उन्हाळा आमच्या घरात कसा गेला हे कोणाला तरी सांगायचं राहून गेलंय, म्हणून हा धागा. संघ कुठलाही चालेल, देश कुठलाही चालेल. फक्त तो हरणारा हवा आणि तुम्ही तरीही बघत राहिलेले हवेत. जिंकणाऱ्यांच्या गोष्टी सांगायला बाकीचं जग आहे.

बेसबॉल नवीन असणाऱ्यांसाठी आधी थोडंसं. मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर १६२ सामने, म्हणजे जवळजवळ रोज एक. कितीही हरलात तरी खालच्या लीगमध्ये कोणी ढकलत नाही, पुढच्या मार्चमध्ये तीच टोपी घालून पुन्हा हजर. एक जुनं गणित सांगतात: कुठलाही संघ ५४ सामने जिंकतोच, ५४ हरतोच, मोसम ठरतो तो उरलेल्या ५४ वर. आमच्या व्हाइट सॉक्सनी ते गणितच मोडीत काढलं. ४१ विजय, १२१ पराभव. १९०१ पासूनच्या आधुनिक काळात एका मोसमात एवढे पराभव कोणाच्याच नावावर नाहीत. आधीचे १२० न्यूयॉर्क मेट्सचे होते, १९६२ मधले, पण त्यांचं ते पहिलंच वर्ष. बाळसं धरायच्या आधीच्या चुका आपण मोजत नाही.

मी साउथ साइडला राहायला आलो ते भाडं परवडलं म्हणून. संघ घराबरोबर पदरात पडला. २००५ चं विजेतेपद माझ्या आधीचं, त्याच्या गोष्टी शेजारी सांगतात.

त्या वर्षी आई-बाबा मे महिन्यात सांगलीहून आले, सहा महिन्यांसाठी. बाबा पतसंस्थेतून रोखपाल म्हणून निवृत्त झालेले. टीव्हीवर रोज संध्याकाळी काहीतरी खेळ लागतो म्हटल्यावर आठवड्याभरात पक्के प्रेक्षक झाले. त्यांनी एक वही घातली. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. मागचे सामनेही माझ्याकडून विचारून उतरवून घेतले. पहिल्या २५ सामन्यांत ३ विजय हे ऐकून त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, जणू अफरातफर मीच केली होती.

मग १० जुलै आला. तिथून ५ ऑगस्टपर्यंत सलग २१ पराभव. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे दोन लीगपैकी आमच्या, एवढी रांग आधी एकदाच लागली होती, १९८८ मध्ये बाल्टिमोरची. नावेचं पान भरलं, दुसरं लागलं. पंधराव्या-सोळाव्या हारीच्या सुमारास बाबा म्हणाले, "अरे, समोरच्याचाही एखादा दिवस वाईट जात असेल की नाही?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊपैकी आठव्या इनिंगपर्यंत पुढे असायचे, मग बुलपेनमधून (राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, थांबतात ती जागा) कोणीतरी यायचा आणि येरे माझ्या मागल्या. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये ५-१ ने जिंकले. तिकडचा सामना, आमच्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेलेले. आई झोपेतून उठून देवापुढे साखर ठेवून आली. दोन दिवसांनी मॅनेजरला, म्हणजे मुख्य प्रशिक्षकाला, काढलं.

२४ सप्टेंबरला बाबांना मैदानावर नेलं. तोवर १२० झाले होते. लोक १२१ वा बघायलाच आले होते, हे कोणी लपवत नव्हतं. मैदानाला ज्या कंपनीचं नाव होतं तिच्या चिन्हात खाली टोक केलेला लाल बाण. बाबा त्याच्याकडे बोट दाखवून बराच वेळ हसले. मालकाला उद्देशून "टीम विका"च्या घोषणा चालू. ०-२ ने मागे. आणि आठव्या इनिंगमध्ये या पठ्ठ्यांनी ३ धावा काढल्या, सामना ३-२ ने जिंकला! आमच्या पुढच्या रांगेतला एक जण दोन्ही हात डोक्यावर ठेवून बसला होता. बाबांनी खिशातलं पेन परत ठेवलं. पुढचे दोन दिवसही जिंकले. शेवटी २७ तारखेला डेट्रॉइटमध्ये तो १२१ वा झाला, आणि त्याच विजयाने डेट्रॉइटची २०१४ नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये वर्णी लागली. म्हणजे आमच्या तेराव्याला त्यांची वाजंत्री.

वर आणखी एक. सर्वांत खाली राहिलं की निदान ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, चांगला पोरगा मिळतो, एवढीच आशा असते. पण मोठ्या उत्पन्नाच्या संघाला लागोपाठ दोन वर्षं त्यातल्या पहिल्या नंबरांच्या लॉटरीत बसता येत नाही असा नियम, त्यामुळे एवढं हरून नंबर लागला दहावा. बघण्यासारखा एक डावखुरा पिचर होता, गॅरेट क्रोशे. डिसेंबरात तोही बॉस्टनला गेला.

लिहा आता तुम्ही.

डेन्व्हरहून

शिकागोकर, तुमचा विक्रम आम्ही २०२५ मध्ये जवळजवळ हिसकावून घेतला होता, थोडक्यात वाचलात. रॉकीज, ४३-११९. पहिल्या ५० सामन्यांत ८ विजय. केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक उणे ४२४. ती आकडेवारी मी नवऱ्याला दाखवली तर तो म्हणाला, ही धावसंख्या आहे की समुद्रसपाटीपासूनची खोली?

१० मेच्या शनिवारी मी मैदानावर होते. वरच्या मजल्यावर विसाव्या रांगेतल्या खुर्च्या जांभळ्या आहेत, तिथे बरोबर एक मैल उंची भरते, ५,२८० फूट. पाहुणे आले की आम्ही तिथेच बसवतो. त्या दिवशी माझी मावसबहीण आली होती ऑस्टिनहून. सान दिएगोविरुद्ध ०-२१. क्रिकेटमध्ये २१ म्हणजे काहीच नाही, म्हणून तिला आधी कळलंच नाही की काय चाललंय. आमच्याकडे हवा विरळ, चेंडू लांब जातो, फिरकीही नीट वळत नाही. त्यामुळे इथे पिचरला कोणी नावं ठेवत नाही, हवेला ठेवतात. पण त्यांच्या एकाच पिचरने त्याच हवेत नऊच्या नऊ इनिंग टाकून आम्हाला भोपळा दिला. हवेचं निमित्तही गेलं. दुसऱ्या दिवशी ९-३ ने जिंकले आणि त्याच संध्याकाळी मॅनेजरला नारळ दिला. हरल्यावर नाही, जिंकल्यावर!

सलग २२ मालिका न जिंकता गेल्यावर जूनमध्ये मायामीला जाऊन तिन्ही सामने जिंकले. १ ऑगस्टला पिट्सबर्गने पहिल्याच इनिंगमध्ये ९ धावा चोपल्या. मी टीव्ही बंद केला आणि पोळ्या लाटायला घेतल्या. १७-१६ ने जिंकले, शेवटच्या होमरवर (बेसबॉलचा षटकार). तो मी पाहिला नाही. ०-२१ पूर्ण पाहिला आणि हा नाही. घरात अजून यावरून टोमणे मिळतात.

मैदान मात्र ओस नसतं. उन्हाळ्यात सूर्य डोंगरामागे जातो तेव्हा त्या जांभळ्या रांगेतून जे दिसतं त्यासाठी लोक येतात. माझं मत विचाराल तर हेच आमचं दुखणं आहे. तिकिटं अशीही खपतात, मग संघ सुधारण्याची घाई कोणाला?

पिट्सबर्गहून

मी इथला जुना. १९९२ च्या ऑक्टोबरात अटलांटाविरुद्ध, अंतिम मालिकेआधीच्या मालिकेतला सातवा, निर्णायक सामना नवव्या इनिंगपर्यंत हातात होता आणि गेला. मी तेव्हा विद्यार्थी होतो. सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढचं वर्ष उजाडलं २०१३ मध्ये. मधली वीस वर्षं, १९९३ ते २०१२, एकही मोसम असा नाही की विजय पराभवांपेक्षा जास्त.

तुमचं एका वर्षाचं दुःख हे जोरदार तापासारखं, आमची सांधेदुखी होती. दरवर्षी शंभर-सव्वाशे हरत नव्हतो, बातमी होत नव्हती. साधारण ९०-९५ हरायचे, जुलैअखेर चांगला खेळाडू विकायचे, आम्ही आतषबाजीच्या रात्री किंवा मान डोलावणारी बाहुली फुकट मिळणाऱ्या दिवशी जायचो. मैदान २००१ मध्ये नवं झालं, नदीकाठी, पुलावरून चालत जायचं. एवढं सुंदर मैदान आणि आत तो खेळ.

२००८ च्या नोव्हेंबरात एक वेगळंच झालं. भारतात टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोघांना आमच्याच पायरेट्सनी करारबद्ध केलं. उत्तर प्रदेशातली भालाफेक केलेली मुलं, बेसबॉलचा गंध नव्हता. ऑफिसात मला सगळे विचारायचे, ओळखतोस का रे? मंदिरातही तीच चर्चा. ती मुलं खालच्या लीगमध्येच खेळली, वर आली नाहीत, पण दोनेक वर्षं मी रोज सकाळी त्यांचे आकडे शोधायचो. मुख्य संघाचे बघण्यापेक्षा ते बरं वाटायचं.

१ ऑक्टोबर २०१३ ला प्लेऑफच्या सामन्याला सगळे काळे कपडे घालून आले होते. सिनसिनाटीच्या पिचरच्या नावाचा गजर चालू होता, त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला आणि पुढच्याच चेंडूवर आमच्या रसेल मार्टिनचा होमर. मी तिकीट काढून गेलो होतो. शेजारच्या अनोळखी बाईंनी मिठी मारली. घोडं गंगेत न्हालं एकदाचं. त्यानंतरचं विचारू नका.

डेट्रॉइटहून

२००३. आमचेही ११९. शेवटच्या शनिवारी ०-८ ने मागे होतो, म्हणजे १२० नक्की. ९-८ ने जिंकले. रविवारीही जिंकले. असा जल्लोष की ट्रॉफीच मिळाली! तीन वर्षांनी हाच संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, होता, म्हणून डेन्व्हरच्या ताईंना सांगतो, बाहुल्या सांभाळून ठेवा.

पुण्याहून

बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून राहवेना. गहुंजेला पुणे वॉरियर्स बघायला जायचो आम्ही. २०११ ला दहात नववे, २०१२ ला नवात नववे, २०१३ ला नवात आठवे, मग संघच गुंडाळला. आमचं दुःख चौदा-सोळा सामन्यांत आटपायचं, तरी घरी येताना द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडीत कोणी बोलायचं नाही. १६२? माणसं कामधंदा कधी करतात?

कोबेहून

मी १९९८ मध्ये इथे आलो. कंपनीतल्या साहेबांनी पहिल्याच महिन्यात कोशिएन मैदानावर नेलं, हान्शिन टायगर्स बघायला. त्या वर्षी सहात सहावे. पुढच्या वर्षी सहावे. २००० आणि २००१ लाही सहावे. मला वाटलं ती जागा त्यांना नेमूनच दिलेली आहे.

पण गंमत मैदानात. अमेरिकेतले लोक हरताना शिव्या घालतात किंवा पॉपकॉर्न खातात. इथे ०-१० असलं तरी ट्रम्पेट थांबत नाही, प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं शेवटच्या आउटपर्यंत. तेव्हा सातव्या इनिंगला हजारो लांब फुगे एकदम सोडायचे, शिट्टी वाजवत वर जायचे. साहेब एरवी ऑफिसात एक शब्द जास्त बोलायचे नाहीत. तिथे मात्र अंपायरला जे बोलायचे ते मी इथे लिहू शकत नाही, जपानीतही नाही.

शापाची कथा सगळ्यांना ठाऊक असेल. १९८५ ला जिंकले तेव्हा लोकांनी ओसाकात दोतोंबोरीच्या कालव्यात उड्या मारल्या आणि अमेरिकन खेळाडू रँडी बास याच्यासारखा दाढीवाला हवा म्हणून केएफसीच्या दुकानासमोरचा, त्यांच्या चिन्हातल्या दाढीवाल्या कर्नलचा पुतळाच पाण्यात टाकला. मग जपानचं विजेतेपद काही पुन्हा मिळेना. २००९ मध्ये पुतळा गाळातून निघाला, चष्मा आणि डावा हात नव्हता. साहेब म्हणाले, चष्मा मिळेपर्यंत काही खरं नाही. २०२३ मध्ये जिंकले, ३८ वर्षांनी, चष्म्याविनाच. साहेब तोवर निवृत्त झाले होते. फोन केला तर पलीकडे नुसतं गाणं चालू होतं.

फ्रीमाँटहून

मी लिहू की नको करत होते, कारण माझा संघ हरत होता त्याहून वाईट म्हणजे निघून गेला. ओकलंड ए'ज. २०२३ ला ५०-११२. पण आकड्यांचं दुःख नव्हतं हो. बार्ट रेल्वेने मुलांना घेऊन जायचं, पूल ओलांडायचा, पूल संपेपर्यंत ढोल ऐकू यायचे. काँक्रीटचा जुना हौद आहे नुसता, त्यात मांजरं. आम्हाला आवडायचा.

१३ जून २०२३ ला लोकांनी उलटा बहिष्कार केला. म्हणजे रोज येत नाही म्हणता ना, आज सगळे येतो. एरवीच्या कितीतरी पट, २७,७५९ माणसं, हिरवे टी-शर्ट, त्यावर एकच शब्द: विका. समोर टँपा बे, त्या वेळचा सर्वांत जोरात असलेला संघ, आणि आम्ही २-१ ने जिंकलो, सलग सातवा विजय! माझा धाकटा ओरडून ओरडून घसा बसवून आला. त्याच दिवशी नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगसच्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी निधी मंजूर केला.

शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४, दुपारचा. शाळा बुडवून नेलं मुलांना. ४६,८८९ लोक. टेक्ससवर ३-२ ने विजय. कोणी उठून जाईना. मैदानावरच्या कर्मचाऱ्यांनी काहींना माती दिली, आम्हालाही कागदी पेल्यात थोडी मिळाली. ती तुळशीच्या कुंडीत घातली आहे. सासूबाईंना आवडलं नव्हतं आधी. आता पाहुण्यांना त्याच सांगतात.

संघ आता सॅक्रामेंटोत खेळतो. दोन तासांवर आहे. आम्ही गेलेलो नाही. शिकागोकर, तुम्ही तुमच्या बाबांचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाही.

शिकागोहून पुन्हा

ताई, बाबा ऑक्टोबरात परत गेले. वही बरोबर नेली. मला वाटलं विषय संपला.

२०२५ च्या मे महिन्यात नवे पोप निवडले गेले आणि ते निघाले आमचे, व्हाइट सॉक्सवाले. २००५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना मैदानात बसून पाहिलेले. त्या दिवशी बाबांचा फोन आला, मला वाटलं बातमी सांगायला. ते म्हणाले, "ते कळलं. पण काल वॉक किती दिले?" (वॉक म्हणजे पिचरच्या वाइड चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस.)

आमच्याकडे संध्याकाळी ६.४० चा सामना म्हणजे सांगलीत पहाटेचे ५.१०. आई सांगते, उठून दूध तापवायच्या आधी मोबाइल उघडतात. २०२५ चा हिशेब ६०-१०२ असा लागला. शंभरच्या वर सलग तिसऱ्या वर्षी. बाबांनी पानाचा फोटो पाठवला, खाली लाल शाईत लिहिलं होतं: जमा बाजूस १९ ची वाढ.