जीवाश्म कोनसची प्रजाती कशावरून ठरवावी, नक्षीवरून की घडणीवरून?

वाळूचा_किल्ला: डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या उत्तर भागात ६६ ते ४८ लाख वर्षांपूर्वीचे कोनसचे, म्हणजे शंकूसारख्या समुद्री गोगलगायींचे, शंख सापडतात. उजेडात पांढरेफटक. जीवाश्म-अभ्यासक जोनाथन हेंड्रिक्स यांनी ते अतिनील प्रकाशाखाली पाहिले आणि पुसलेली नक्षी चमकून उठली. २०१५ साली त्यांनी २८ प्रजाती मांडल्या, त्यांतल्या १३ नव्या वाटणाऱ्या. काम थक्क करणारं आहे. तरी मला वाटतं, आधी घडण पाहावी: शंखाचं टोकदार शिखर किती उंच, त्याखालचा खांदा गोल की कंगोरेदार, त्यावर गाठी आहेत का, वेटोळ्यांच्या उतारावर रेघा किती. आजच्या जिवंत कोनसमध्येही एकाच प्रजातीची नक्षी केवढी बदलते!

खडपी: नाही पटत. घडण तरी कुठे स्थिर असते? खांद्याची रुंदी आणि शिखराची उंची यांची मापं शेजारच्या प्रजातींत सर्रास एकमेकांत मिसळतात. तिथे नक्षीच हात देते. त्याच थरांतल्या *कोनस कार्लोटी*वर मोठाले ठिपके आहेत. तशी नक्षी आज हयात असलेल्या एकाही कोनसवर दिसत नाही. हे नुसत्या मापांतून कसं कळलं असतं?

वाळूचा_किल्ला: ठिपक्यांचं मान्य. पण चमकतो तो भाग मुळात रंगीत होता, म्हणून फोटोतला उजळ भाग गडद आणि गडद भाग उजळ करून पाहावा लागतो. रंग लाल होता की तपकिरी, ते कळत नाहीच. शिखराचं तसं नाही. शंख वाढतो तसा जुना वेढा शिखरात जपला जातो. लहानपणी गाठी होत्या आणि पुढे गेल्या, तर तेही एकाच शंखात वाचता येतं. हा पुरावा मी नक्षीखाली दडपू देणार नाही.

गाळाचा_थर: दोघंही शंखापाशीच थांबलात. *कोनस एब्रेयस* आणि *कोनस जुडेयस* जिवंत आहेत, शंख जवळपास सारखे. फरक आहे तो आतल्या गोगलगायीच्या दातांत, आणि डीएनएनेही तो पक्का केला. जीवाश्मात दोन्ही हाती लागत नाहीत. म्हणजे आपण ज्याला एक प्रजाती म्हणतो, तिथे दोन असू शकतात.

खडपी: म्हणूनच तर मिळेल ती प्रत्येक खूण हवी! अतिनील दिवा न लावता "प्रजाती ठरत नाही" म्हणणं मला मान्य नाही.

वाळूचा_किल्ला: दिवा लावाच. फक्त एका शंखावरून नवं नाव देऊ नका. त्याच थरातले लहानमोठे शंख शेजारी मांडा, गाठी आणि रेघा मोजा. नक्षी आणि घडण दोन्ही एकदम बदलत असतील, तर नव्या नावाला माझी हरकत नाही.