मदत हवी आहे : ऊर्जेचे शून्य आपण ठरवतो, तर वस्तुमानातील तूट आपल्या निवडीवर का अवलंबून नाही?

नमस्कार. हायड्रोजनच्या अणूची सर्वांत खालच्या पातळीवरील ऊर्जा उणे १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या हिशेबात वापरले जाणारे ऊर्जेचे छोटे एकक) असते. यातील उणे चिन्हाचा अर्थ आपल्याला कळला आहे, असे मला आतापर्यंत वाटत होते. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांपासून अनंत अंतरावर स्थिर असताना ऊर्जा शून्य मानायची, हा संकेत आहे. ते अणूत एकत्र येतात तेव्हा स्थितिज ऊर्जा सरासरीने उणे २७.२ आणि गतिज ऊर्जा अधिक १३.६ भरते, म्हणून बेरीज ऋण येते आणि इलेक्ट्रॉन सोडवायला तेवढीच ऊर्जा बाहेरून द्यावी लागते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून सेकंदाला ११.२ किलोमीटर या मुक्तिवेगाने निघालेल्या वस्तूची एकूण ऊर्जा शून्य असते. वेग त्याहून कमी असेल तर ती ऋण असते आणि वस्तू पृथ्वीशी बांधलेलीच राहते. टेबलावरच्या पुस्तकाची स्थितिज ऊर्जा जमिनीपासून मोजली तर धन येते, छतापासून मोजली तर ऋण, पण ते पडताना मिळणारा वेग दोन्ही हिशेबांत एकच निघतो. इथपर्यंत शंका नाही.

अडचण वस्तुमानापाशी सुरू होते. सुटा प्रोटॉन आणि सुटा न्यूट्रॉन यांच्या वस्तुमानांच्या बेरजेपेक्षा या दोघांच्याच बनलेल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) केंद्रकाचे वस्तुमान सुमारे ०.१२ टक्क्यांनी कमी असते, आणि ही तूट सुमारे २२ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या बंधन ऊर्जेशी, म्हणजे केंद्रक फोडून दोन्ही कण सुटे करायला लागणाऱ्या ऊर्जेशी, जुळते. आता मी शून्य उचलून बद्ध केंद्रकावरच ठेवले, तर केंद्रकाची ऊर्जा शून्य आणि सुट्या कणांची धन होईल, हिशेबात ऋण संख्या कुठेच उरणार नाही. तूट मात्र होती तेवढीच राहील, कारण ती मोजलेली आहे.

मग आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या E = mc² या संबंधानुसार कणांची स्थिर-वस्तुमानाची ऊर्जाही हिशेबात धरली, की शून्य निवडण्याचे स्वातंत्र्य संपते, असे समजावे का? तसे असेल तर केंद्रकाची एकूण ऊर्जा धनच आहे, आणि ‘ऋण’ हा शब्द फक्त सुट्या कणांशी केलेली तुलना सांगतो. माझा कल या उत्तराकडे आहे, पण खात्री नाही.

दुसरा प्रश्न मला अधिक छळतो : कमी झालेले वस्तुमान नेमके कोणाचे? प्रोटॉनचे, न्यूट्रॉनचे, की दोघांच्या मिळून झालेल्या रचनेचे? कलनापर्यंतचे गणित वापरून समजावले तरी चालेल.