विषय: सेफ्टी, रिलायबिलिटी अँड मेंटेनन्समध्ये एमएस्सी – करावं का?

मंडळी, नमस्कार.
सहा वर्षं एका प्रोसेस प्लांटमध्ये मेंटेनन्सला आहे. आता याच विषयात एमएस्सी करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, पंप दुरुस्त करायला आणखी काय शिकायचं? आणि अभ्यासक्रमात संभाव्यताशास्त्र इतकं आहे की मलाच धाकधूक वाटते. कुणी केलंय का?

*

अरे, मी केलंय, बारा वर्षं नोकरी झाल्यावर. गणितासाठी मागे फिरू नकोस, खरं शिक्षण तिथेच आहे.

इतके तास भरले की मशीन उघडायचं, हे आपण सगळेच करत आलो. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांचा अहवाल आला. विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्क्यांत वयाबरोबर बिघाड वाढताना दिसला होता. बाकीच्यांना वयाची मर्यादा घालून काही हाती लागत नव्हतं. उलट पुष्कळशा भागांना सगळ्यात जास्त धोका नवे बसवल्यावर लगेच होता. म्हणजे नीट चालणारं मशीन उघडून बिघाड आपणच आत घालू शकतो! आपला पंप यातल्या कुठल्या गटात बसतो, ते वायबुल सांगतं, म्हणजे बिघाडांच्या तासांवरून आयुष्याचा अंदाज बांधायची संख्याशास्त्रातली पद्धत. बिघाड वयाबरोबर वाढतो की घटतो ते दाखवणारा त्यातला आकडा म्हणजे बीटा. तो एकाहून कमी आला तर जोडणीत किंवा मालात खोट शोध, जास्त आला तर झीज आहे, तिथे वेळेवर बदलण्यात अर्थ आहे. एकाच्या आसपास असेल तर तारखा लावून उपयोग नाही.

एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) दहा हजार तास म्हणजे पंप तेवढा चालणारच, असं मीही समजायचे. बिघाडाचा दर स्थिर असेल तर तेवढ्या तासांनी १०० पैकी सुमारे ३७च पंप न बिघडता उरतात.

घरच्यांना पायपर अल्फाबद्दल सांग. ६ जुलै १९८८, उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. एका पंपाची सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढली होती, जागी नुसती ब्लाइंड फ्लँज, म्हणजे पाइपचं तोंड झाकणारी तबकडी होती. रात्रपाळीला ते कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच चालू केला. तिथून गळती होऊन स्फोट झाला, १६७ माणसं गेली. वर्क परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि पाळीबदल हे विषय मला तोवर कारकुनी वाटायचे. अजूनही परमिटवर सही करताना हात क्षणभर थांबतो.

*

काकू, मनापासून आभार. प्रबंधासाठी आमच्याच पंपांच्या जुन्या नोंदी वापरता येतील का? बिघाड थोडे आहेत, बरेचसे सील तर बिघडायच्या आधीच बदललेत.

*

येतील की. कंपनीची लेखी परवानगी मात्र आधी घे. आणि ते आधीच बदललेले सील टाकून देऊ नकोस, सगळे याच चुकीत सापडतात. ‘इतके तास चाललं, तोवर बिघडलं नाही’ हीसुद्धा माहितीच आहे. ती वगळलीस तर सीलचं आयुष्य आहे त्याहून कमी दिसेल. याला सेन्सॉर्ड डेटा म्हणतात, तो हाताळायची रीत पहिल्या सत्रातच शिकवतात.

नोंदींत ‘सील बदललं’ एवढंच असेल तर आजपासून गळती होती की नाही, कुठून होती आणि किती तास झाले होते, तेही लिहायला लाग. अर्जाची वाट पाहू नकोस.