मदत हवी आहे: ई-रीडरवर साठलेल्या फॅनफिकचा पसारा कसा आवरू?

मंडळी, मी परभणीची, नोकरी गंगाखेडला. रोजचं जाणं-येणं रेल्वेनं, आणि पोखर्णीच्या पुढं नेटवर्कचा काही भरवसा नाही. फॅनफिक, म्हणजे आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, मी एओ३ या साइटवर वाचते. तिचं स्वतःचं अ‍ॅप नाही, ब्राउझरमधलं पान अर्ध्यात अडकून बसतं. म्हणून कथा घरीच डाउनलोड करते आणि गाडीत रीडरवर वाचते. जुनं किंडल पेपरव्हाइट आहे, केबलनं फाइली टाकते.

आता चारशेच्या वर कथा झाल्यात आणि त्यातून हवी ती काढणं म्हणजे वैताग झालाय. साइटवर मी कथा निवडते ती टॅग, म्हणजे कथेत काय आहे ते सांगणारे शब्द, बघून. बँकेतून थकून निघालं की मला छोटी, पूर्ण झालेली आणि कुणी न मरणारी कथा पाहिजे असते. रीडरवर मात्र दिसतं फक्त नाव आणि लेखकाचं टोपणनाव. सात भागांच्या मालिकेचा पहिला भाग यादीच्या तळाशी, तिसरा सगळ्यात वर, कारण प्रत्येक भागाचं नाव वेगळं आणि यादी अक्षरानुसार. सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते अपूर्ण कथांनी. फाइल उघडून पहिल्या पानावर खाली जावं तेव्हा कळतं की प्रकरणं ‘१२/?’ आहेत, म्हणजे बारा आली, पुढं किती ते ठाऊक नाही. तोवर गाडी सुटलेली असते. नवी प्रकरणं आली की तीच कथा परत उतरवते, मग रीडरवर एकाच नावाच्या दोन-दोन प्रती.

रीडरवर कथांचे गट, म्हणजे कलेक्शन, हातानं करून बघितले. शंभरेक कथांनंतर कंटाळा आला. लॅपटॉप आहे, कॅलिबर (ई-पुस्तकं सांभाळायचं सॉफ्टवेअर) टाकलंय, पण त्यात नुसतं फॉरमॅट बदलायलीय. कुणी नीट पद्धत बसवली असेल तर सांगा.

प्रतिसाद १ (लातूर)

ताई, कॅलिबर आहे म्हणजे अर्धं काम झालं. एओ३सुद्धा आपल्या डाउनलोड फाइली कॅलिबरच्याच इंजिनातून काढते. आता त्यात ‘फॅनफिकफेअर’ नावाचं प्लगइन (जोड-प्रोग्राम) टाका. प्रेफरन्सेसमध्ये प्लगइन्स, तिथं नवीन प्लगइन मिळवायचं बटण आहे, त्या यादीत सापडेल. फुकट आहे.

यापुढं साइटवरून फाइल डाउनलोड करायचीच नाही. कथेचा दुवा कॉपी करायचा आणि प्लगइनला द्यायचा. ते स्वतः ईपब (ई-पुस्तकाची फाइल) बनवतं. नवं प्रकरण आलं की ती कथा निवडून ‘अपडेट’ म्हणायचं, जुन्याच फाइलीत भर पडते. दोन प्रतींचा प्रश्न मिटला. फक्त लक्षात ठेवा, अपडेट ईपबवरच चालतं. म्हणून मूळ प्रत ईपबच ठेवा, किंडलला पाठवताना कॅलिबर एझेडडब्ल्यू३ (किंडलचा फॉरमॅट) करून देतं. तुमच्याकडं आधीच्या ज्या अपूर्ण कथा आहेत त्या एकदा दुवा देऊन नव्यानं उतरवून घ्या. पूर्ण झालेल्यांना अपडेटसाठी हात लावायची गरज नाही.

खरी गंमत कॉलममध्ये आहे. कॅलिबरमध्ये स्वतःचे कॉलम करता येतात. मी तीन केलेत: स्थिती, शब्दसंख्या, फॅन्डम (कथा कुठल्या मूळ कलाकृतीवर आहे ते). प्लगइनच्या सेटिंगमध्ये सांगून ठेवलं की प्लगइनमधून उतरवलेल्या कथांचे ते आपोआप भरतात. टॅग मात्र सगळे आत घेऊ नका. काही लेखक टॅगमध्येच अर्धी कथा सांगतात, यादी बघून गरगरतं.

प्रतिसाद २

हे सगळं वाचून काय मिळतं? दुसऱ्याच्या पात्रांवर हौशी लोकांनी लिहिलेलं. त्यापेक्षा पुस्तकं वाचा.

धागाकर्ती

कर्णाची बाजू घेऊन लिहिलेल्या कादंबऱ्या आपल्याकडं घराघरांत वाचल्या की हो. तेव्हा कुणी विचारलं नाही, पात्र कुणाचं म्हणून. असो. फायली लावायचं काही माहीत असेल तर सांगा.

लातूरकर, कॉलम केले. अर्ध्या तासात ‘चालू’ आणि ‘पूर्ण’ वेगळे दिसायलेत, फार बरं वाटलं. पण हे सगळं लॅपटॉपवर! किंडलवर तर तीच जुनी यादी. कामून?

प्रतिसाद ३ (नांदेड)

कारण किंडल तुमचे कॉलम वाचतच नाही. केबलनं टाकलेल्या फाइलींचे कलेक्शन नव्या किंडलवर कॅलिबरला बाहेरून करता येत नाहीत, ते हातानंच करावे लागतात. कोबो नावाच्या रीडरवर हे सोपं आहे: कुठल्या कॉलमवरून कलेक्शन करायचे ते कॅलिबरला सांगितलं की केबल लावल्यावर ते तयार होतात, मालिका आणि भागाचा क्रमांकही दिसतो. पण म्हणून लगेच नवं रीडर घेऊ नका.

किंडलसाठी जुगाड असा. जी गोष्ट किंडल नक्की दाखवतं ती म्हणजे नाव. मग सगळी माहिती नावातच घाला. कॅलिबरमध्ये ‘मेटाडेटा प्लगबोर्ड’ आहे. त्यात सांगायचं की रीडरवर पाठवताना नावाच्या आधी स्थिती, मग मालिकेचं नाव, मग भाग क्रमांक लाव. लॅपटॉपवरचं मूळ नाव तसंच राहतं, फक्त रीडरवर जाणारी प्रत बदलते. यादीत ‘पूर्ण’ सगळ्या एकीकडं, ‘चालू’ दुसरीकडं, आणि मालिकेचे भाग ओळीनं. भाग क्रमांक दोन आकडी ठेवा, ०१, ०२ असा. नाहीतर दहावा भाग दुसऱ्याच्या आधी येऊन बसतो. आधीच किंडलवर असलेल्या फाइली आपोआप बदलणार नाहीत, त्या काढून परत पाठवाव्या लागतील.

छोट्या-छोट्या भागांची मालिका असेल तर ‘ईपबमर्ज’ प्लगइननं सगळे भाग एकाच फाइलीत बांधता येतात. गाडीत मधेच पुढचा भाग शोधत बसायला नको.

प्रतिसाद १ (लातूर)

दोन गोष्टी राहिल्या. सगळ्या कथा एकदम अपडेटला लावू नका. साइटवर ताण येतो आणि ती मधेच दार लावून घेते. फक्त ‘चालू’वाल्या निवडायच्या, त्याही थोड्या थोड्या.

आणि लेखकानं कथेतली प्रकरणं काढून टाकली असतील तर प्लगइन सांगतं की तुमच्या फाइलीत साइटपेक्षा जास्त प्रकरणं आहेत. तिथं घाईनं ‘ओव्हरराइट’ दाबायचं नाही, जुनी प्रकरणं जातील. कथाच उडाली असेल तर अपडेट होत नाही, तुमची फाइल राहते. ती स्वतःपुरती ठेवा. लेखकानं मागं घेतलेली कथा दुसरीकडं चढवणारे लोक आहेत, ते मला अजिबात पटत नाही. ज्या कथा फक्त खातेदारांनाच दिसतात त्यांच्यासाठी प्लगइनच्या सेटिंगमध्ये खात्याचं नाव-पासवर्ड द्यावा लागतो.

धागाकर्ती

नावाचा जुगाड चालला! मालिका ओळीनं लागल्या. नांदेडकर, तुमचे लई आभार. एक अजून: मराठीतल्या काही कथा आहेत, त्यात जोडाक्षरं फुटतात. ‘प्रश्न’ वाचायचा तर प, र, श सगळे वेगवेगळे पाय मोडून पडलेले. मुक्ता फॉन्ट टाकला, फरक नाही.

प्रतिसाद ३ (नांदेड)

फाइल मुळात पीडीएफ होती का? पीडीएफमधून बदलताना देवनागरी मजकूर आतच तुटतो, मग कुठलाही फॉन्ट लावा, तुटलेलं तुटलेलंच.

धागाकर्ती

हो, पीडीएफच. मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या.

प्रतिसाद ३ (नांदेड)

मग त्यांचं रूपांतर करू नका. मैत्रिणीला विचारून मूळ पानाचा दुवा घ्या, तिथला मजकूर वर्डमध्ये चिकटवा, डॉक्स फाइल कॅलिबरला द्या आणि तिथून एझेडडब्ल्यू३ करा. मुक्ताची फाइल किंडलच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये राहू द्या, तेव्हा उपयोगी पडेल.